ग्वान गोंग: मुंडकं एका गावी, धड दुसऱ्या गावी आणि देऊळ माझगावात

बंदरवाला (धागाकर्ता)

हार्बर लाईनला डॉकयार्ड रोडला उतरून नवाब टँक रोडकडे आलं की एक चिनी देऊळ लागतं, सी यिप कून. १९१९ सालचं. चिनी नववर्षाला पेपरवाले कॅमेरे घेऊन जातात ते हेच, आणि दरवर्षी बातमीत तेच, लाल कंदील, उदबत्त्या, मुंबईतलं चिनी मंदिर, संपलं. वरच्या मजल्यावर जो लांब दाढीवाला देव बसलाय तो कोण यावर कुणी दोन ओळी धड लिहीत नाही म्हणून हा धागा काढतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

कँटनीज लोक त्याला क्वान कुंग म्हणतात, मँडरिनमध्ये ग्वान गोंग, जन्माचं नाव ग्वान यू. हा खराखुरा माणूस होता, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला मेला. हान साम्राज्य मोडत होतं, जो तो सरदार आपापला प्रांत धरून बसला होता तो काळ. याचं गाव शान्शी प्रांतात, आजच्या युनछेंग शहराजवळ, मिठाच्या मोठ्या सरोवराच्या बाजूला. तरुणपणी काहीतरी भानगड झाली आणि गाव सोडून पळाला. पळून गेला तिकडे पुढे त्याचा धनी झालेला ल्यू बेई भेटला आणि चांग फेई हा योद्धा. तिघं एकाच बिछान्यावर झोपायचे, सख्ख्या भावांसारखे राहायचे, एवढं छेन शौ नावाच्या इतिहासकाराने त्याच तिसऱ्या शतकात लिहून ठेवलंय. पीचच्या बागेतली ती प्रसिद्ध शपथ, "एका दिवशी जन्मलो नाही पण एका दिवशी मरू", हे सगळं पुढे हजारभर वर्षांनी नाटकांत आणि तीन राज्यांच्या (हान मोडल्यावर चीनची तीन राज्यं झाली त्या काळावरच्या) कादंबरीत आलं.

सन २०० मध्ये हा ल्यू बेईच्या शत्रूच्या हाती लागला, त्साओ त्साओच्या. त्साओ त्साओ माणसं ओळखणारा, त्याने मारलं तर नाहीच उलट मानपान, पदवी, भेटवस्तूंचा पाऊस पाडला. ग्वान यू म्हणाला तुमचे उपकार फेडीन, पण राहणार नाही. मग त्याच्या बाजूने एक लढाई मारली, समोरच्या सेनापतीचं मुंडकं आणून दिलं, मिळालेल्या सगळ्या वस्तूंना मोहोर लावून तिथेच ठेवल्या आणि ल्यू बेईकडे निघून गेला. लोक पाठलाग करायला निघाले तर त्साओ त्साओ म्हणाला जाऊ दे, ज्याचा त्याचा धनी असतो. माझ्या मते पुढचं सगळं देवपण या एका प्रसंगावर उभं आहे.

शेवट वाईट झाला. २१९ मध्ये हा उत्तरेला लढायला गेलेला असताना सुन च्युआन या दक्षिणेतल्या सरदाराच्या सेनापतीने सैनिकांना व्यापाऱ्यांचे कपडे घालून नदीतून बोटीने आणलं आणि मागून त्याचा तळच काबीज केला. हा पकडला गेला, पोरासकट मुंडकं उडवलं. मुंडकं पाठवलं त्साओ त्साओकडे, त्याने लुओयांगला इतमामाने पुरलं. धड राहिलं दांगयांगला. चिनी लोकांत म्हण आहे की डोकं लुओयांगच्या उशीवर, अंग दांगयांगला आणि आत्मा गावी.

आता बघा, हरलेला, फसलेला, धड एकीकडे मुंडकं दुसरीकडे असा माणूस. मेल्यावर चाळीस वर्षांनी जी पदवी मिळाली तीसुद्धा साधी सरदाराचीच. तिथून चढत चढत १६१४ मध्ये मिंग घराण्याच्या वानली बादशहाने त्याला ताओ पंथातली (चीनचा जुना देशी धर्म) पदवी दिली, तिन्ही लोकांतल्या राक्षसांना आवरणारा महासम्राट, दूरवर दरारा असलेला तियानझुन. तियानझुन म्हणजे ताओ देवमंडळातली सगळ्यात वरची ओळ, पंथाचे आद्य आचार्य लाओत्झू यांचं दैवी रूप जिथे बसतं ती. पुढे छिंग घराण्याने पदवी वाढवत वाढवत २६ अक्षरांची केली. एवढी बढती तिकडे दुसऱ्या कुठल्या माणसाला मिळालेली नसेल.

सगळे त्याला युद्धाचा देव म्हणतात. मला ते अर्धंमुर्धं वाटतं. युद्धाचाच देव हवा होता तर लोकांनी जिंकणारा निवडला असता की, चीनमध्ये जिंकलेल्या सेनापतींची काय कमी आहे का. मला वाटतं ग्वान गोंग हा घरापासून लांब, रक्ताचं नातं नसलेल्या लोकांवर भरवसा टाकायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांचा देव आहे. व्यापारी, खलाशी, टोळीवाले, पोलीस, भागीदारीत दुकान टाकणारे. सी यिप म्हणजे ग्वांगडाँगमधले चार तालुके, तिथले लोक जहाजांवर काम करत मुंबईला आले आणि अनोळखी बंदरात पहिलं काय बांधलं तर हे. मारामारी करायला थोडीच आले होते.

बोला आता.

---

कुळथाचं_पिठलं

वा वा, मस्त लिहिलंय. मला ते वस्तूंना मोहोर लावून निघून जाणं फार आवडलं. आमच्या ऑफिसात लोक नोकरी सोडताना स्टेपलर पण घेऊन जातात :)

एक प्रश्न, चेहरा लाल का असतो? रागीट म्हणून?

---

गाभारा

रुमाल टाकून ठेवला होता, आता सवडीने लिहितो.

@कुळथाचं_पिठलं, लाल रंग मुख्यतः नाटकातला. चिनी ऑपेरात रंगवलेल्या चेहऱ्याचा रंग बघूनच पात्र कळतं, लाल म्हणजे निष्ठावान, पांढरा म्हणजे कपटी, म्हणून त्साओ त्साओ बिचारा कायम पांढरा. देवळातल्या मूर्तीने नाटकाचा मेकअप उचलला. तेच त्या लांब दांड्याच्या कोयत्यासारख्या शस्त्राचं, हिरव्या ड्रॅगनचा चंद्रकोरी पाता म्हणतात त्याला, पण त्या आकाराचं शस्त्र ग्वान यूच्या काळात नव्हतंच, कितीतरी शतकांनी आलं. बाजूला शस्त्र धरून उभा असलेला काळा दाढीवाला झोउ छांग तर निव्वळ कादंबरीतला, इतिहासात असा कोणी नाही. आणि दुसऱ्या बाजूला शिक्का धरून उभा तो मुलगा, ग्वान पिंग. म्हणजे देव्हाऱ्यात एक खरा बाप, एक खरा मुलगा आणि एक काल्पनिक नोकर, आणि तिघांनाही उदबत्ती सारखीच.

बंदरवाला, तुमच्या भरवशाच्या थिअरीबद्दल मात्र थोडं थांबा. सुरुवात भरवशाने झाली नाही, भीतीने झाली. जिथे त्याचं धड पुरलं त्या दांगयांगजवळ युच्छुआन नावाचा बौद्ध मठ आहे. तांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) एका गोष्टींच्या संग्रहात त्या मठाच्या राखणदार देवाचं वर्णन आहे, त्याला नुसतं 'तिसरे दादा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. लिहिलंय काय, तर त्या भागात लोक दार उघडं टाकून झोपत, पैसाअडका बाहेर पडलेला असला तरी चोरायची कुणाची टाप नव्हती. आणि मठाच्या स्वयंपाकघरात नैवेद्याआधी कुणी चाखून बघितलं तर लगेच गालावर मोठ्या पंजाचा वळ उठायचा, आणि तो दहा दिवस झाले तरी उलट अजून ठळक होत जायचा. अपमान केला तर मागे साप लागायचे.

हा कसला सम्राट, हा तर जागृत गावदेव आहे! अपमृत्यू झालेला, तोही रागीट योद्धा, धडाला मुंडकं नाही, असला माणूस शांत ठेवायचा म्हणून पूजा सुरू झाली असणार. आपल्याकडे वीरगळाला शेंदूर लागून त्याचा देव होतो त्यातलाच प्रकार म्हणा ना. बौद्धांनी मग कथा केली की झियी नावाचे मोठे आचार्य मठ बांधायला आले तेव्हा ग्वान यूचा आत्मा त्यांना भेटला आणि धर्माचा रक्षक झाला. आजही चिनी बौद्ध देवळांत तो रखवालदार म्हणून उभा असतो.

---

खडूस_बाबूराव

लेख चांगला आहे पण थिअरी भाबडी आहे. गाभाराची पण आणि बंदरवालाची पण.

कुठलाही देव एवढा मोठा होतो तेव्हा मागे सरकार असतं. तांग काळात, ७८२ साली, सरकारी युद्धदेवाच्या मंदिरात ६४ सेनापतींना जागा मिळाली, त्यात हा एक. चौसष्टातला एक! मुख्य देव वेगळाच होता. मग सोंग घराण्याचा हुइझोंग बादशहा येतो, ताओ पंथाचा वेडा, आणि धडाधड पदव्या द्यायला लागतो. मिंगचं वर आलंच. छिंग तर मांचू, बाहेरून आलेले राज्यकर्ते, त्यांना चिनी प्रजेकडून काय पाहिजे? निष्ठा. मग निष्ठेचा पुतळा तयारच होता. १७२५ मध्ये योंगझेंग बादशहाने जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी ग्वान यू मंदिर आणि पूजा बांधून दिली. फतवा निघाल्यावर भक्ती वाढणारच, त्यात खलाशी आणि व्यापारी कुठून आले.

आणि निष्ठा निष्ठा काय, माणूस अत्यंत गर्विष्ठ होता. तुमचाच छेन शौ शेवटी शेरा मारतो की कठोर आणि स्वतःवर खूश, याच दोषाने बुडाला.

---

बंदरवाला

बाबूराव, गर्विष्ठ तर होताच, त्यावर एक झकास किस्सा आहे त्याच इतिहासात. मा छाओ नावाचा नवा शूर सरदार ल्यू बेईकडे आला, ग्वान यूच्या पोटात दुखलं, त्याने ल्यू बेईचा सल्लागार चुगे लियांग याला पत्र लिहून विचारलं की हा माणूस कुणाच्या तोडीचा. चुगे लियांग हुशार, त्याने उत्तर पाठवलं की चांग फेईच्या तोडीचा आहे पण आमच्या दाढीवाल्याची सर त्याला नाही. दाढी याची जगप्रसिद्ध. पत्र वाचून हा एवढा खूश झाला की आल्यागेल्याला दाखवत सुटला. आज असता तर स्टेटसला ठेवलं असतं.

पण सरकारी फतव्याचं मी नंतर बोलतो, आधी मीठ. ताओ लोकांनी याला कसा उचलला ती गोष्ट मिठाचीच आहे. त्याच्या गावचं ते सरोवर म्हणजे सोंग सरकारचा मोठा महसूल. पुराच्या पाण्याने ते नासलं, मीठ पिकेना. लोक म्हणाले छिरयौ नावाच्या जुन्या राक्षसाचं काम. बादशहाने ताओ पंथाचे मुख्य गुरू बोलावले, चांग घराण्यातले, त्यांना स्वर्गीय आचार्य म्हणतात. त्यांनी मंत्राने ग्वान यूला बोलावलं, त्याने राक्षसाला झोडपलं, मीठ पुन्हा सुरू. ताओ विधींत तोवर तो राक्षस पकडणारा सेनापतीच होता, म्हणजे आचार्यांच्या हुकुमावर येणारा, स्वर्गातला फौजदार म्हणा. नंतर तोच हुकूम देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला.

आणि ते मीठ विकत कोण फिरत होतं? शान्शीचे व्यापारी. त्यांचा गाववाला. मीठ, मग पुढे चहा, सावकारी, हुंड्या, सगळ्या चीनभर पसरले आणि जिथे गेले तिथे गाववाल्यांचं सभागृह बांधलं आणि मध्ये ग्वान गोंग. हनानमध्ये शछी नावाच्या गावी असलं एक आहे, फोटो शोधून बघा, डोळे दिपतात. यात फतवा कुठे आला.

---

हिशेबनीस

आमच्या क्षेत्राचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं, एरवी वाचनमात्र.

चिनी व्यापाऱ्यांत समजूत आहे की रोजचा खतावणीचा चार कलमी तक्ता ग्वान यूने काढला. आधीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. इतिहास म्हणून यात दम नाही, चार कलमी पद्धत तिकडे तांग काळापासून दिसते, हा त्याच्या कितीतरी आधीचा. पण समजूत का पडली ते कळतं. बंदरवालांनी सांगितलेला त्साओ त्साओचा प्रसंग परत वाचा, तो लढाईचा नाहीच, तो हिशेब चुकता करण्याचा आहे. घेतलं किती, फेडलं किती, उरलेलं सीलबंद परत, निघालो. क्लीन ऑडिट. म्हणून त्याला धनाचा देव पण मानतात, लढवय्या धनदेव. दुकानात गल्ल्याजवळ त्याची तसबीर असते ती नवस बोलून पैसा मिळावा म्हणून जेवढी तेवढीच भागीदाराने गल्ल्यात हात घालू नये म्हणून.

मी बंदरवालांच्या बाजूने.

---

निमिष_जुना_हाँगकाँगवाला

हाँगकाँगला बरीच वर्षं काढली त्यामुळे लिहायलाच पाहिजे. तिथे पोलीस ठाण्यांत ग्वान यूचा देव्हारा असतो, डिटेक्टिव्हांच्या खोलीत तर हमखास, नवीन साहेब आला की पूजा, मोठी केस सुटली की पूजा. आणि ट्रायड म्हणजे तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांत भरती होतानाचा विधी पण याच्याच समोर. म्हणजे पकडणारा आणि पकडला जाणारा दोघं सकाळी एकाच देवाला उदबत्ती लावून निघतात. पर्यटकांना हे विनोदी वाटतं, तिथल्या लोकांना अजिबात नाही. टोळीवाला न्याय मागत नसतो, आपल्या माणसाने फितूर होऊ नये एवढंच मागतो. पोलीसही पार्टनरबद्दल तेच मागतो.

हॉलिवूड रोडवर मान मो मंदिर आहे, १८४७ चं. मान म्हणजे विद्येचा देव वनछांग, हातात कुंचला, मो म्हणजे आपले दाढीवाले. पोरं परीक्षेला आणि बाप धंद्याला एकाच खेपेत जाऊन येतात, वरून गोल गोल उदबत्तीची वेटोळी लटकलेली, धूर इतका की डोळे चुरचुरतात. पण खरी गंमत ऐका. इंग्रजी अमदानीत चिनी लोक गोऱ्यांच्या कोर्टात बायबलवर हात ठेवून काय शपथ घेणार, त्याला किंमत काय. मग देण्याघेण्याचे वाद या देवळात आणायचे. पिवळ्या कागदावर शपथ लिहायची, कोंबड्याचं मुंडकं उडवायचं, कागद जाळायचा. खोटं बोललो तर माझं या कोंबड्यासारखं होवो. इंग्रज सरकारही अशी शपथ चालवून घ्यायचं.

तेव्हा बाबूराव, तुमचा मांचू बादशहा इथे नव्हता बरं का, हा देव परक्या सरकारच्या राज्यात कोर्टाचं काम करत होता.

---

कुळथाचं_पिठलं

कोंबड्याचं काय चुकलं होतं पण 😅

---

कॅस्कावेलकर

नमस्कार, मी मॉरिशसहून. माझी मराठी लिहिताना थोडी वेडीवाकडी होते, घरी क्रेओल जास्त बोलतो, सांभाळून घ्या.

पोर्ट लुईला ले सालीनमध्ये क्वान ती पॅगोडा आहे, हाच देव. १८४२ चा, म्हणजे निमिषजी तुमच्या मान मोच्या आधीचा. आमचे पूर्वज कोकणातून गिरमिटवर, म्हणजे कराराचे मजूर म्हणून आले, उसाच्या मळ्यात, चिनी लोक दुकानदार म्हणून आले. आता भरवशाची गोष्ट चालली आहे म्हणून सांगतो. प्रत्येक गावात एक चिनी दुकान असायचं, लाबुतिक सिनवा. तिथे कार्ने असायचं, छोटी वही. तांदूळ, तेल, खारा मासा, सगळं उधार, वहीत लिहायचं, पगार झाला की फेडायचं, उसाचा हंगाम नसेल तर पुढे ढकलायचं. मराठी, भोजपुरी, तेलुगू, क्रेओल, सगळ्यांना उधार. भाषा वेगळी, देव वेगळा, कागद नाही वकील नाही, फक्त वही. त्यांच्या दुकानात आत लाल चेहऱ्याचा फोटो असायचा, माझी आजी त्याला सिनवा बाबा म्हणायची आणि हात जोडायची. गणपतीला त्याच दुकानातून नारळ उधार यायचा.

आजीला वाटायचं तो उधारी वसूल करणारा देव आहे. हिशेबनीसजींचं वाचून वाटलं आजीचं बरोबर होतं.

---

बंदरवाला

कॅस्कावेलकर, तुमची मराठी उत्तम आहे, अजून लिहा. हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं चीज झालं.

---

मंजिरी_तैपेई

उशीर झाला यायला. तैवानातून थोडं ताजं.

इथे तैपेईत शिंगत्यान मंदिर आहे, मुख्य देव ग्वान गोंग, इथले लोक त्यांना अनझू गोंग म्हणतात, म्हणजे तारणारे मालक. शहराच्या मधोमध, ऑफिसं सुटली की टाय लावलेले लोक रांगेत. या देवळाने २६ ऑगस्ट २०१४ ला उदबत्ती बंद केली. पूर्ण. धूपपात्रं, नैवेद्याची टेबलं उचलली. भक्तांनी हात जोडायचे, बास. केवढी चर्चा झाली होती, बाहेर उदबत्त्या आणि नैवेद्य विकणाऱ्या बायकांचा धंदा बसला, काही म्हाताऱ्या म्हणत होत्या धुराशिवाय देवाला कळणार कसं. देऊळ म्हणालं मन शुद्ध असलं की पुरे, हवाही शुद्ध. मुळात हे देऊळ आधीपासूनच वेगळं, दानपेटी नाही, कागदी पैसे जाळणं नाही, मांसाचा नैवेद्य नाही. ज्याने उभं केलं तो कोळशाच्या खाणींचा मालक होता, त्याने लोकांकडून वर्गणी न घेण्याची शिस्त लावली.

निळे लांब झगे घातलेल्या स्वयंसेवक मावशा असतात, भ्यायलेल्या माणसाची भीती काढतात, ते मात्र चालू आहे. पोरगं रात्री दचकून रडत असेल तर आया घेऊन येतात, मोठी माणसंपण उभी असतात, एक पैसा घेत नाहीत.

कौल लावायचा असेल तर दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या, एक उताणी एक पालथी पडली तर हो, दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसतोय, म्हणजे प्रश्न नीट विचारा. मग काठी काढायची, तिच्या नंबरची कविता मिळते. आणि देवळाशेजारी रस्त्याखालच्या भुयारी मार्गात ज्योतिष्यांची अख्खी गल्ली आहे, कवितेचा अर्थ नाही लागला तर तिकडे, तिथे मात्र पैसे लागतात.

अजून एक. इथल्या काही पंथांत देवाला विचारून लेखणीने उत्तर उमटवायची पद्धत आहे, भारलेला माणूस वाळूत अक्षरं काढतो. अशा लिखाणातून विसाव्या शतकात जाहीर झालं की जेड सम्राटाच्या, म्हणजे स्वर्गाच्या राजाच्या गादीवर आता ग्वान गोंग बसलेत, अठरावे. मुदत संपली, इतर देवांनी निवडून दिलं. सगळे ताओ लोक हे मानत नाहीत, पुष्कळ जण नाक मुरडतात, पण मानणारे पक्के मानतात.

---

खडूस_बाबूराव

निवडून दिलं! म्हणजे स्वर्गात पण आचारसंहिता लागली असेल.

बरं ते जिंगजोउच्या पुतळ्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? जिथून त्याला हुसकावलं तेच हे शहर. तिथल्या लोकांनी २०१६ मध्ये ग्वान यूचा ब्राँझचा पुतळा उभा केला, चौथऱ्यासकट ५८ मीटर, वजन हजार टनांच्या वर, खर्च १७ कोटी युआनच्या पुढे. जुन्या शहराच्या भागात एवढ्या उंच बांधकामाला परवानगीच नव्हती. २०२० मध्ये मध्यवर्ती मंत्रालयाने जाहीर झापलं की शहराचं ऐतिहासिक रूप बिघडवलंत. मग तुकडे करून दुसरीकडे हलवायचा ठरला, त्याचा खर्च साडेपंधरा कोटी युआन. आणि पुतळा सोडवताना पहिलं काय काढलं असेल? फोटो आहेत, डोकं क्रेनला लटकतंय.

---

गाभारा

बाबूराव 😂 दुसऱ्यांदा.

तसा तो दुखण्याला घाबरणारा नव्हता म्हणा. हाताला विषारी बाण लागला होता, पावसाळी हवेत हाड ठणकायचं, वैद्य म्हणाला कापून हाड खरवडावं लागेल. याने हात पुढे केला, सरदारांबरोबर जेवण चालू, रक्त थाळीत गळतंय आणि हा मांस कापून खातोय, दारू पितोय, गप्पा मारतोय. हे इतिहासात आहे, दंतकथा नाही. फक्त तिथे वैद्याचं नाव नाही, कादंबरीने तिथे हुआ तुओ हा नामांकित वैद्य आणून बसवला, तो तोपर्यंत मेलेला होता.

---

सुगंधा_भायखळा

माझगावच्या देवळाबद्दल विचारायचं होतं. आपण गेलं तर चालतं का? भायखळ्यात जन्म गेला पण आत कधी पाऊल टाकलं नाही.

---

बंदरवाला

सुगंधाताई, जरूर जा, कुणी अडवत नाही. खाली ग्वान यिन आहे, करुणेची देवी, जिना चढून वर गेलात की क्वान कुंग. काठ्यांचा डबा हलवून कौल घेण्याची पद्धत इथेही आहे. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री गेलात तर माणसं भेटतील, एरवी शांत असतं. नूडल्सचं ब्लॉगिंग करणाऱ्यांसारखं मोबाईल रोखून फिरू नका एवढंच.

मात्र आता माणसं फार कमी उरलीत. एकेकाळी माझगाव आणि शुक्लाजी स्ट्रीटला चिनी वस्ती होती, दंतवैद्य, चपलावाले, हॉटेलवाले. १९६२ च्या युद्धानंतर चित्र पालटलं. देशभरातून, जास्त करून आसाम-बंगालमधून, तीनेक हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत ठेवलं होतं, त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले. जे सुटले त्यांतले पुष्कळ पुढे कॅनडाला वगैरे निघून गेले. कलकत्त्याला तिरेट्टा बाजारात याच देवाची देवळं आहेत, तूंग ऑन, नाम सून, तिथेही तीच कथा, खोल्या मोठ्या आणि माणसं मोजकी.

पिढ्यान्‌पिढ्या शब्द पाळणाऱ्या देवाला पुजणारे लोक आणि त्यांच्यावर संशय कसला, तर फितुरीचा. यावर मी जास्त लिहीत नाही, धागा भरकटेल.

---

खडूस_बाबूराव

भरकटू द्या, महत्त्वाचं आहे ते.

पण माझा मुद्दा तसाच लटकलाय. राजाश्रय नसता तर तुमचा ग्वान गोंग दांगयांगच्या मठात गालावर वळ उठवत बसला असता. व्यापाऱ्यांनी त्याला चीनभर नेला मान्य, पण तो आधीच सरकारमान्य होता म्हणूनच सभागृहात त्याची मूर्ती ठेवणं सोयीचं होतं. नाहीतर व्यापाऱ्यांची संघटना म्हणजे सरकारच्या डोळ्यावर येणारच.

---

बंदरवाला

हे बाकी पटलं, सोय होतीच ती. पण मग उलटीकडून बघा. १९१२ ला बादशाही गेली, सरकारी पूजा बंद होत गेली. पुढे माओच्या सांस्कृतिक क्रांतीत तर मुख्य चीनमधली कितीतरी देवळं फोडली, मूर्ती जाळल्या. राजाश्रयावर जगणारा देव एव्हाना संपायला हवा होता. तुमच्या त्या चौसष्ट सेनापतींपैकी दुसऱ्या किती जणांना आज दुकानात उदबत्ती लागते सांगा? फार तर एकदोन. हा टिकला तो हाँगकाँग, तैवान, पेनांग, पोर्ट लुई, योकोहामा, माझगाव अशा ठिकाणी, म्हणजे जिथे बादशहाचा फतवा पोचतच नव्हता. योकोहामाचं तर भूकंपात पडलं, बॉम्बमध्ये पडलं, १९८६ ला जळलं, १९९० ला पुन्हा उभं. वर्गणी कुणाची? हॉटेलवाल्यांची आणि दुकानदारांची.

---

खडूस_बाबूराव

बरं, निम्मं मान्य. निम्मं नाही.

---

हिशेबनीस

निम्मं जमा दाखवतो, बाकीचं पुढच्या वर्षात ओढतो.

---

कॅस्कावेलकर

बंदरवालाजी, ले सालीनच्या पॅगोड्याचे फोटो आहेत माझ्याकडे, या रविवारी जाऊन अजून काढतो. इथे कसे चढवायचे ते कुणीतरी सांगा, मला फक्त लिहायची खिडकी दिसते.